देव्हाऱ्यातली पिवळी देवी

दहिवली

प्रिय सोनाबाई,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. पाकीट मात्र इतक्यात टाकू नकोस. फोनच करणार होतो, पण माझा आवाज कापतो आणि तू मध्येच ‘दादा, काय झालं?’ करत बसतेस. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सावकाश वाच.

आपल्या देव्हाऱ्यातली पिवळी देवी आठवते ना? आबा माथेरानच्या बंगल्यात राखणीला होते. तिथली मडम विलायतेला जाताना त्यांना ते नाणं देऊन गेली. त्यावरच्या चेहऱ्याला मानेवर केस, केसांना फीत, म्हणून आईने तिला देवी म्हटलं आणि टाकांशेजारी बसवलं. सोन्याचंच असणार, असं आपण सगळेच धरून होतो. पारखायला कधी नेलं नाही. देवीची किंमत विचारू नये, असं मीच सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. त्यापायी चाळीस वर्षं हात जोडताना माझी नजर त्या नाण्यावर ठरली नाही.

मागच्या महिन्यात छातीत कळ आली. गॅस निघाला, पण मनाने घेतलं, आता तरी कळू दे. आपल्या आरोहीच्या कॉलेजातले साईनाथ सर जुनी परदेशी नाणी जमवतात. नातीला घेऊन रिक्षाने कर्जतला त्यांच्या घरी गेलो. रुमालाची गाठ मला सुटेना, तिनेच सोडली. सरांनी हळद पुसली, भिंग लावलं, छोट्या काट्यावर वजन केलं. सोनं असतं तर दुप्पट तरी भरलं असतं, म्हणाले. ही देवी नव्हे, इंग्रजांचा जुना राजा. आणि हे नाणंही नव्हे, साहेब लोक पत्ते खेळताना पैशांऐवजी मांडायचे ते पितळी टोकन. दोनशे रुपये आले तर खूप, तेही आम्ही दर दसऱ्याला चिंचेने घासून राजाचं नाक घालवलं नसतं तर! आरोही तिथेच हसत सुटली, ‘आजोबा, तुमची देवी पत्ते कुटते!’ आणि मी, सोने, खुर्चीत बसून रडलो. सरांना वाटलं, सोनं गेलं म्हणून. छातीवरचा धोंडा उतरला म्हणून, हे त्यांना कसं सांगू?

आता ऐक. आबा गेले त्या सकाळी तू लोधिवलीहून निघाली होतीस, पोचली नव्हतीस. ते मला म्हणाले, ‘चांगो, ते नाणं सोनीला दे रं.’ दुसरं कुणी ऐकलं नाही. घरचा देव लेकीबरोबर जात नाही, अशी मी मनाची समजूत घातली आणि गप्प बसलो. त्या वर्षी सगळं गहाण पडून तुझ्या गळ्यात मणीसुद्धा उरला नव्हता, ते दिसत असून गप्प बसलो. आता तो देवही नाही नि सोनंही नाही. सोनं निघालं असतं तर हे पत्र लिहिलं असतं का? खोटं कशाला बोलू, मला ठाऊक नाही. पाकिटाच्या तळाशी कागदात गुंडाळलंय. माझं म्हणून नको, आबांचं म्हणून घे. शिव्या द्यायच्या असतील तर फोनवर नको गं, घरी येऊन दे.

तुझाच,
चांगोदादा