अक्काच्या जिन्याचं वळण

२ नोव्हें.
अजयचा साताऱ्याहून फोन. अक्काचा वॉकर सुटला, आता नुसती काठी. मग मुद्द्यावर आला. "मावशी, आईला आता इथंच राहू दे. सांगलीचा तुमचा तो जिना..." पुढचं गिळलं. त्याच जिन्याच्या वळणावरून अक्का पडली, हे मला सांगायला नको. म्हटलं, जिना मी नीट करून घेते. तिची खोली वर तशीच आहे. खाली पुढच्या बाजूला भाडेकरू, मागं स्वयंपाकघर. झोपायला जागा नाही.
"आणि तिला चढताच आलं नाही तर?"
कुकर लावायचाय म्हणून फोन ठेवला. कुकर झालेला होता.

४ नोव्हें.
वळणाच्या तीन पायऱ्या तपासल्या. तिकोनी, एका टोकाला जेमतेम टाच मावेल एवढ्या. भिंतही सरळ नाही. सुताराचा काटकोनी गुण्या लावला तर फटीतून बोट जातं. घर बांधलं तेव्हा ह्यांनी गवंड्यावर फार विश्वास ठेवला. आता सिमेंटवर लाकडी फळ्या बसवून पायऱ्या एका पातळीत आणायच्या. लाकूड म्हणजे आमच्या वडिलांचं, नानांचं कोयनानगरचं सागवानी फडताळ; तेच मोडायचं. दुसरं आणणार नाही.

५ नोव्हें.
दिवसभर कोयनानगरचं आमचं ते क्वार्टर डोळ्यांसमोर. भूकंपाचे धक्के बसून बसून भिंतींचे कोपरे उघडले होते. फडताळ बसेना. नानांनी वर्तमानपत्र भिंतीला लावून अंगठ्याच्या नखानं कोपरा दाबत नेला, आणि त्या रेघेवर कागद कापला. "भिंत वाकडी आहे तर फळी वाकडी कापायची. भिंतीशी भांडायचं नाही." गुण्या धरायचा मान अक्काचा. मला फक्त पेन्सिल. मी रडले तर अक्का म्हणाली, "तुझ्या हातात गुण्यापण वाकडा होईल." बी.एस्सी. झाले तरी हेच ऐकवायची.

६ नोव्हें.
कागद चुरगळतो, म्हणून दुकानांची जुनी जाड कॅलेंडरं घेतली. तीन पायऱ्यांच्या मापाचे तीन फर्मे कापले. चित्र खाली, पांढरी बाजू वर. पांढऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत 'वरची बाजू'. छान बसले. फडताळाबरोबर सुतारकाम करणाऱ्या दिनकर मिस्त्रींकडे दिले. अक्काला फोन करून सांगितलं. "बरं," म्हणाली. एवढंच. माझ्याशी कधी एका शब्दात बोलली नव्हती.

९ नोव्हें.
दिनकर मिस्त्री फळ्या कापून घेऊन आले. एकही बसेना. जिना उजवीकडे वळतो, फळ्या डावीकडे. तिन्ही.
"मिस्त्री, वरची बाजू लिहिलं होतं, वाचलं नाही?"
"वाचलं की."
"मग?"
"आवं बाई, मागं गणपती हाय! देवाचं तोंड फळीवर दाबून वरनं पेन्सिल फिरवू व्हय?"
"म्हणून फर्मा उलटा केलात?"
"देव वर केला. तुमी तर पायरीवर पालथा घातलावता."
शेवटी चहा दोघांनी घेतला.
नानांचं लाकूड गेलं. आता अजयला काय सांगू?

१० नोव्हें.
सकाळी दात घासताना लक्षात आलं. फळ्याच पालथ्या घातल्या तर? घातल्या. तिन्ही चपखल. मिस्त्रींना बोलावलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "पन रंधा मारलेली बाजू खाली जातीया. खाचाबी तिकडंच. वर सगळे डाग."
डाग म्हणजे बरण्यांच्या बुडांचे गोल. लोणच्याची मोठी, तुपाची धाकटी. आईनं फडताळातल्या त्यांच्या जागा कधी बदलल्या नाहीत. रंधा नको म्हटलं. फक्त कड गोल करा आणि पाय घसरू नये म्हणून वर नव्या खाचा मारा.
"लय म्हातारं दिसंल ते."
"चढणारीही तरणी नाही," म्हटलं. तेव्हा हसले.

१३ नोव्हें.
फळ्या बसल्या. भिंतीकडून कठडाही. वीस वेळा तरी चढले-उतरले. करकर नाही. अजय रविवारी अक्काला आणतोय. "बघायला" आणतोय, असं दोनदा म्हणाला. कपडे किती आणतोस ते मी विचारलं नाही.

१६ नोव्हें., रवि.
आले. एकच पिशवी, तीही औषधांची. अक्का बारीक झालीय. जेवणात कुणी जिन्याचं नाव काढलं नाही. मग तीच उठली. काठी माझ्या हातात दिली, कठडा धरला. अजय तिच्या मागं, मी त्याच्या मागं. सरळ पायऱ्या चढली. वळणावर थांबली. पाय उचलला, मधल्या तिकोनी फळीवर ठेवला, मग दुसरा. आणि तिथंच बसली.
"आई, दुखतंय का? खाली उतरूया?"
अक्का फळीवरचा बरणीचा गोल बघत होती.
"मग वर जायचंय?"
अक्कानं फळीच्या कडेवरून हात फिरवला, भिंतीला टेकली.
"माझा चहा इथंच आण," मला म्हणाली. "आणि अज्या, तू खाली जाऊन बस. किती घाई करतोस."
चहा नेऊन दिला. खालच्या पायरीवर मीही बसले. अजून आम्ही दोघी इथंच आहोत. हे इथं बसूनच लिहितेय. खाली अजय गाडीची किल्ली वाजवतोय.