ऑपरेटरबाईंचा आवाज

४ जानेवारी
पोचले एकदाची. बसमधून उतरताना गुडघ्यांनी कुरकुर केली, पण घर बघून जीव सुखावला. दोन खोल्या, मागे नळ, खिडकीत भरपूर ऊन. आजवर इतक्या म्हाताऱ्या सांभाळल्या, त्यांत ही सगळ्यांत गुणी दिसते. नव्वदी केव्हाच ओलांडलेली, अंगाने काडी. काही वर्षं इथल्या खाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, म्हणून गावात अजून ऑपरेटरबाई म्हणतात. मी आजी म्हणते. तरुणपणीच त्यांचा आवाज गेला म्हणे. मागच्या घरातली म्हातारी डोळे उघडल्यापासून शिव्या घालायची. मला तर ही मुकी म्हणजे लॉटरीच लागली.
आजींच्या भाच्याने किल्ली दिली आणि एकच अट घातली. घरात फोनवर बोलायचं नाही, मावशीला त्रास होतो. बोलणार कुठून? घरात रेंजच नाही. ती मिळते गावाबाहेर, बंद खाणीच्या कुंपणापाशी.

७ जानेवारी
आजींचं करणं सोपं आहे. न्हाऊ घाला, भरवा, उन्हात बसवा. उन्हात बसल्या की मान एका बाजूला कलते आणि उजवा हात हवेतून काहीतरी उचलून समोर खोचत राहतो. अजून लोकांचे फोन जोडतायत बिचाऱ्या. माझंही असंच होणार. म्हातारपणी हवेत कुणाचीतरी पाठ पुसत बसेन.
संध्याकाळी कुंपणापाशी जाऊन ठमीशी बोलले. माझी एकुलती एक लेक, शहरात नर्सचं शिकतेय. तिला म्हटलं, दमले गं बाई, तू नोकरीला लागलीस की हे शेवटचं घर. ती हसली, म्हणाली, हे तू मागच्या चार घरांत म्हणालीस.
खाणीचं तोंड काँक्रीटने बुजवलंय, पण त्याला एक फट राहिली आहे. तिच्यातून कोमट वारा येतो. मी बोलायला लागले की तो थांबतो. कुणी श्वास रोखून ऐकावं, तसा.

१५ जानेवारी
शेजारचे म्हातारे कंपाउंडर दुपारी अंगणात येऊन टेकले. मी रोज कुठे जाते ते विचारलं आणि ऐकून जवळ सरकले. मग सांगू लागले. ते लहान असताना खाण कोसळली. पाळीवरची माणसं खालीच राहिली. थोड्या वेळाने खालच्या फोनचा दिवा एक्स्चेंजच्या बोर्डावर लागला. ऑपरेटरबाईंनी फोन घेतला. पलीकडे कोणी बोलेना, नुसतं ऐकत होतं. कुणीतरी जिवंत आहे अशा आशेने बाई बोलत राहिल्या, घाबरू नका, मी आहे इथे. घास खाल्ला नाही, जागेवरून उठल्या नाहीत. शेवटी त्यांचा आवाजच गेला.
त्यानंतर खाणकामगारांच्या चाळीतल्या फोनवर कॉल येऊ लागले. बाईंच्याच आवाजात. तुमचा माणूस वर आलाय, खाणीवर या. कंपाउंडरांची आई चूल तशीच टाकून पळाली. परत आली नाही.
मी म्हटलं, मुक्या बाईने फोन केला कसा? ते म्हणाले, तेच तर.
मोकळा वेळ असला की म्हाताऱ्यांना काहीही सुचतं.

२० जानेवारी
घसा बसलाय. इथली धूळच वाईट. कसेबसे दोन शब्द बोलले, तर ठमी म्हणाली, सकाळी तर किती गोड बोलत होतीस.
सकाळी मी फोन केलाच नव्हता. मोबाईल पिशवीत होता, मी धुणं धूत होते.
थट्टा करत असेल. पोरीला सवयच आहे.

२३ जानेवारी
आवाज पार गेला. खोकलासुद्धा मुका.
दुपारी आजींचे केस विंचरत होते. त्या बोलल्या. तरुण मुलीचा आवाज, त्या तोंडातून.
"हळू गं, ओढतेयस."
कंगवा पडला हातातून. त्या थकल्यासारख्या हसल्या.
"माझा परत दिला त्याने. जुना झाला. हा आवाज ओळखून धावत येणारं आता उरलंय कोण? तो वापरत होता तोवर मला मरण नव्हतं. त्याला तुझा आवडला. लेकीशी किती मायेने बोलतेस तू."
मी खुणेने विचारलं, कोण तो?
"माहीत नाही. ऐकतो. मग हाक मारतो."
त्यांचे हात धड होते. कोळशाने भिंतीवर एक शब्द लिहिला असता तरी मला कळलं असतं. मी त्यांचे हात धरून त्यांच्यासमोर हलवले. त्यांनी तोंड फिरवलं.
"फार दमले होते गं," म्हणाल्या.
दिवेलागणीला गेल्या. चेहरा इतका शांत, की राग येत होता.

२४ जानेवारी
भाचा आला. रडला नाही. माझ्या नजरेला नजर देईना. त्याला माहीत होतं.
कुंपणापाशी धावले. बोलता येत नाही, म्हणून ठमीला मेसेज टाकला — इकडे येऊ नकोस.
उत्तर आलं — अगं, आत्ताच तर म्हणालीस तब्येत बरी नाही, ये. बसमध्ये बसले पण.
पुन्हा लिहिलं. ती मी नव्हे. उतर. जिथे असशील तिथे उतर.
कुंपणाला धरून स्क्रीनकडे बघत राहिले. मग — आई फोनवर आहे. म्हणते, तिचा मोबाईल चोरलाय. कोण तुम्ही?
त्यानंतर मेसेज जाईनात.
फटीतून वारा येत नव्हता. आतून कुणीतरी बोलत होतं. बारीक, मायेने — माझ्या —

बसथांबा
मोठ्या अक्षरात लिहितेय, समोर धरायला. ठमे, फोन ठेव. फोनवरची मी नव्हे. मी ही, तुझ्यासमोरची —
बस आली —
उतरली. फोन कानाला. मी हात पसरले, तोंड उघडलं — नुसती हवा —
कागदाकडे बघतच नाही. मागे सरतेय. फोनमध्ये म्हणतेय, हो गं आई, दिसली ती बाई. अगदी तुझ्यासार