शेजारी जागेवरच

१४ मार्च, संध्याकाळ

ती. ताईस,

सा. न. तुझ्या गुडघ्यांना निराळा नमस्कार. ते तुझ्याहून लवकर रुसतात.

पत्र पोचलं. त्यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देईन. आधी शोकवार्ता: माझ्या ताऱ्याचा जोडीदार गेला. म्हणजे तो कधी नव्हताच.

आम्ही लहानशा, थंड, लाल ताऱ्यांचे सोबती शोधतो, हे तुला ठाऊक आहे. तारेच इतके मिणमिणते, की त्यांचा सोबती दिसायचा तर दुर्बिणीने आणि दैवाने एकदमच डोळे उघडायला हवेत. गेल्या वर्षी एका ताऱ्याला अगदी खेटून दुसरा ठिपका दिसला. मी साऱ्या वेधशाळेत सांगत सुटलो. संचालकांनी पाठ थोपटली. तूही शेजारीपाजारी सांगितलंस, नाकारू नकोस.

गप्प होती ती फक्त समोरच्या टेबलावरची छिद्रान्वेषी. तू जिच्याबद्दल विचारतेस, तीच. हे नाव मीच ठेवलं. तिने ते बिरुदासारखं आपल्या कपावर रंगवून घेतलं.

परवा तिने आकाशाच्या त्याच तुकड्याचं जुनं छायाचित्र हुडकून माझ्यापुढे ठेवलं. त्यात माझा तारा पार डावीकडे! असे जवळचे तारे वर्षागणिक थोडे थोडे सरकतात. खरा जोडीदार असता, तर तोही बरोबर सरकला असता. हा आपला तिथल्या तिथे. कुणी मागचा, फार दूरचा तारा. माझा त्याच्यासमोरून चालला होता म्हणून दोघं जवळ दिसले, इतकंच. वर्षाचं काम पाण्यात!

“हे आधी दाखवता आलं नसतं?” मी भडकलो.

“तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते.”

“म्हणजे तारा गेला पुढे, आणि शेजारी जागेवरच!”

“हो ना,” माझ्या खुर्चीकडे बघत ती म्हणाली, “शेजारी जागेवरच.”

मी तणतणत जेवायला गेलो. भाजीत मीठ नव्हतं, तेही तिच्याच माथी मारलं.

आता तुझा प्रश्न. होय, तिची बदली झाली आहे. दूरच्या वेधशाळेत, महिनाअखेर निघेल. तिथे आणखी एक जागा रिकामी आहे, हे तिने मला सांगितलं. पुन्हा एकदा सांगितलं. दोन्ही वेळा मी चष्मा पुसत बसलो. सारी कचेरी आम्हाला जोडी समजते. पुरावा काय, तर टेबलं जवळ आहेत!

काल त्या जागेसाठी अर्ज केला. तिला अजून सांगितलं नाही. लहानपणी तू एवढं संस्कृत घोकून घेतलंस, तरी तिच्यापुढे बोलायला एक साधं वाक्य जुळेना, चीड येते. पत्र पेटीत टाकतो आणि तसाच तिच्या टेबलाशी जातो. ती काय म्हणेल, देव जाणे. नाही म्हणाली तरी विचारलं होतं, एवढं तरी राहील.

तुझी ती मोठी प्रवासाची बॅग पाठव. रिकामीच पाठव, उपदेश भरू नकोस.

तुझा,
निदान ही सही करेपर्यंत जागेवरच असलेला,
धाकटा