न सापडलेला तपकिरी बटू

दुक्म, ओमान
शुक्रवार, ७ डिसेंबर २०१८

चि. रचनास,
सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. रिफायनरीचं काम अजून दोन वर्षं चालेल म्हणतात. वारा सुटला की जेवणात वाळू येते, आम्ही ती मीठ समजून खातो. आईचा गुडघा कसा आहे? तुला पत्राचं नवल वाटेल. फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तीनदा हवापाणी विचारून फोन ठेवला.

महिन्यापूर्वी आमच्या कॅम्पात नवा डॉक्युमेंट कंट्रोलर आला. धम्मदीप. हो, तुझ्याच प्रयोगशाळेतला. पीएचडी सोडून आता ड्रॉइंगांवर शिक्के मारतो. मेसमध्ये मला पाहून "जय भीम, काका" म्हणाला आणि शेजारी बसला.

जेवताना तो मला तुमचं शास्त्र शिकवतो. लाल बटू म्हणजे लहानसा, मंद तारा. तपकिरी बटू ग्रहाहून मोठा, पण तारा व्हायला कमी पडलेला, कधीच न पेटलेला. तो सहसा दिसत नाही. त्याच्या ओढीने लाल तारा जरासा डुलतो, त्यावरून त्याला ओळखायचं. अशा जोड्या फार थोड्या सापडतात. आणि लाल ताऱ्यावर डाग असले तरी तो डुलल्यासारखाच वाटतो, म्हणून महिनोन्‌महिने थांबून खात्री करायची.

थांबणं मला कुठे जमलं.

गेल्या वर्षी तू मला तुझ्या ताऱ्याच्या डुलण्याचा तो आलेख पाठवलास. सोबत लिहिलंस, "पप्पा, अजून खात्री नाही, कुणाला दाखवू नका." आठ दिवसांनी मस्कतला आपली आंबेडकर जयंती होती. तिथे दरवर्षी मुलांचं कौतुक होतं, तुला ठाऊक आहे. माझा जुना सहकारी चंद्रहास आपल्या मुलाच्या आयआयटीबद्दल पंधरा मिनिटं बोलला. मला राहवलं नाही. स्टेजवर चढलो आणि सांगितलं, माझ्या मुलीने तपकिरी बटू शोधलाय. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, रचना. मग गावाकडच्या साप्ताहिकासाठी कुणीतरी आलेख मागितला. तोही दिला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

पुढचं तुला माहीत आहे. नुसते डाग निघाले. छापलेला आलेख बाहेर कसा गेला, असं तुमच्या पीएचडीच्या सरांनी विचारलं. तू मला फोन केलास, "पप्पा, तुम्ही दिलात?" मी "नाही" म्हणालो. तुझ्याशिवाय आलेख फक्त धम्मदीपकडे होता, मग उरला तोच. तू त्याचं नाव घेतलंस, त्याला पीएचडी सोडावी लागली आणि मी मूग गिळून बसलो.

परवा तो म्हणाला, "काका, रचना माझा मेसेजसुद्धा उघडत नाही. तिला एकदा सांगाल? मी नाही दिला तो आलेख. तुमचं ऐकेल ती." मला माझी लाज वाटली, दुसरं काही नाही.

इथवर लिहून आज दुपारी हे पत्र त्याला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं. 'कधीच न पेटलेला' हे खोडून वर लिहिलं, 'थोडा काळ धुगधुगतो, मग निवत जातो'. ते अक्षर त्याचं आहे. मग म्हणाला, "माझी जागा दुसऱ्याला गेली, ते खलास. पण पाठवा."

सरांना मी सहीनिशी वेगळं पत्र लिहिलं आहे. तू माझ्याशी नाही बोललीस तरी ते मला कबूल आहे. त्याला मात्र आजच फोन कर.

ज्याच्या शब्दावर तू विश्वास ठेवलास, तो
पप्पा