चार ओले ब्रश

प्रिय युलिएन,

पत्र बघून दचकू नकोस, मी मेलेली नाही. फोनच केला असता, पण तुझा म्हातारा फोन मोठ्या आवाजात लावतो आणि अख्खी गल्ली कान टवकारून बसते. हे गल्लीत जाण्यासारखं नाही. वाचलंस की चुलीत घाल. आणि माझ्या अक्षराला हसू नकोस. शाळेत तू माझंच बघून लिहायचीस, विसरलीस काय गं?

शिआन शहरात येताना मी गावभर मिरवलं होतं ना, की मुलाच्या नव्या घरात दक्षिणेकडची खोली माझी, आणि गॅलरीत मी लाल बोरं वाळवणार? ती खोली आहे बरं का. ऊनही मस्त येतं. पण त्या भागातली शाळा टाकाऊ, असं सूनबाईचं, रुईचं, म्हणणं. इथे ज्या भागात घर त्याच भागातली शाळा, दुसरीकडे पोराला दारातसुद्धा उभं करत नाहीत. मग काय, नवराबायकोची रोज जुंपायची. आमचा जियानपिंग म्हणायचा, "माणसानं जरा उजेडात राहावं." ती म्हणायची, "उजेड खाऊन पोरगी शिकणार आहे का?" शेवटी ठरलं, नवं घरही ठेवायचं आणि चांगल्या शाळेजवळ जुन्या इमारतीत एक खोलीही घ्यायची. खोली कसली, तुझी डुकरं याहून ऐसपैस राहतात. मी विचारलं, "पण इथे राहणार कोण?" दोघं माझ्याकडे बघायला लागले.

कारण शाळेवाले तपासतात गं. नुसतं कुलूप लावलेलं घर चालत नाही, माणसं नांदताना दिसली पाहिजेत. पाण्याचा मीटर फिरायला हवा, दोरीवर धुणं हवं. म्हणून सध्या मी एकटीच चार माणसं आहे. रोज सकाळी उठून पेल्यातले दात घासायचे चारही ब्रश ओले करते. मुलाचा शर्ट, सुनेचा शर्ट, न घातलेलेच धुते. खुंटीवर जियानपिंगचा जुना कोट आहे, त्याला जेवताना शिव्या घालते. उलटून बोलत नाही, खऱ्यापेक्षा गुणी आहे. परवा शेजारीण म्हणाली, "काकू, तुमचा मुलगा किती शांत हो! एवढं बोलता, पण तोंडातून शब्द काढत नाही." मी म्हटलं, "बापावर गेलाय." आमचे हे असते तर पोट धरून हसले असते.

नात मात्र भेटत नाही. तांगतांगला रविवारी पियानो, मग गणित, मग आणखी काहीतरी. फोनवर दिसते, गाल फुगवून दाखवते. पण फोनवर तोंड दिसतं गं, पाय कुठे दिसतात?

तेच नडलं. मागच्या आठवड्यात शाळेची बाई तपासायला आली. ही तिघं तासभर आधी येऊन घरच्यासारखी बसली होती. बाई पोरगेलीच, पण भारी चतुर. ब्रशाला बोट लावून बघितलं! मी मनात म्हटलं, लाव बाई, ओलेच आहेत. मग ती तांगतांगला म्हणाली, "बाळ, फरशी गार आहे, तुझे घरातले जोडे घाल ना." जोडे मीच शिवलेले, कापडी, वाघाच्या तोंडाचे, दाराशी मांडलेले. पोरीनं पाय घातला आणि टाच बाहेरच राहिली. मी आठवणीतल्या पायाचं माप धरलं होतं ना. रुई पांढरीफटक पडली. शाळा गेली, असं मलाही वाटलं. तेवढ्यात कार्टी म्हणते कशी, "आजी मुद्दाम लहान शिवते. मोठे शिवले तर मी मोठी होईन म्हणते." बाई हसली आणि तिनं बरोबरची खूण केली. जाताना मात्र माझा हात दाबून हळूच म्हणाली, "आजी, आता मोठे शिवा." तिला कळलं का नाही, देव जाणे.

बाई गेली आणि ही तिघंही निघाली, क्लास होता. मी अंड्याचे मोदकासारखे ज्याओझ वळून ठेवले होते, ते डब्यात भरून नेले. तांगतांगला मी तेवढं एक मिनिट थांबवलं, वर्तमानपत्रावर उभं केलं आणि पेन्सिलीनं तिच्या पायाभोवती रेघ काढून घेतली. गुदगुल्या झाल्या म्हणून खिदळत होती. जिन्यातून जियानपिंग म्हणाला, "आई, कधीही परत येतील तपासायला. सहावीपर्यंत सांभाळ हं." मी म्हटलं, "कोटाला सांग, मी कामात आहे."

पोरगी यंदा पहिलीत जाणार, युलिएन. म्हणजे बोरं उतरवायला मला येता येणार नाही, यंदाही नाही आणि पुढेही नाही. माझ्या झाडाची तूच उतरव. आणि एक पोतं घेऊन इकडे ये. तुझा म्हातारा सुनेच्या हातचं खाईल, मरत नाही तो. इथे ऊन येत नाही, पण शेगडीवर सुकवू. माझी खाट अरुंद आहे आणि तू घोरतेस, पण मला चालेल. पेल्यात मी पाचवा ब्रश आणून ठेवलाय, लाल. शाळेला त्याची गरज नाही. सकाळी चार ओले केले की हात त्याच्याकडे जातो आणि मी मागे घेते. तो कोरडाच ठेवलाय. तो तूच येऊन ओला कर.

वाट बघणारी, तुझीच
चाओदी