दार विसरलीस

मंगळ. २४ सप्टें. २००२
नंदा आजही बोलली नाही. दहावी ब, दुसरा बाक. मे अखेरीस थोरली बहीण सासरी वारली, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास चित्रकलेच्या खोलीत तिला बसवते. हेडसर म्हणाले, "बाई, एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्यांकडेही बघा जरा." बघतेय की. बोलत नाही, पण काढते तरी. आज वहीत घर काढलं. कौलारू, मागे डोंगर. पहिल्यांदाच पान पूर्ण भरलं. घरी येताना पोलादपूर ते महाड एसटीत उभी होते, तरी पाय दुखले नाहीत.

गुरु. २६
अक्कल कुठे गेली होती माझी? काल वह्यांचा गठ्ठा तपासायला घेतला, त्यात तिचीही आली. सवयीने लाल पेन्सिल चालली. तिच्या घराला दार नव्हतं. मी काढून दिलं. कडीसुद्धा. खाली शेरा: दार विसरलीस, बाकी छान.
आज तिने पान पाहिलं. वही मिटली, बाकावरच ठेवली आणि गेली. मी हाक मारली, वळली नाही. वीस वर्षं पोरांच्या चित्रांत नाक खुपसतेय, दुसरं काय येतं मला.

सोम. ३०
तीन दिवस शाळेत नाही. हेडसर: "तुम्ही तर म्हणत होतात सुधारतेय."

शुक्र. ४ ऑक्टो.
तिच्या घरी गेले. जीप, मग तासभर चढण. नंदा मागल्या दारी, माझ्याकडे पाहिलंही नाही. आई म्हणाली, "आता जेवत पन नाय बाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मामा येतोय, मुंबयला नेतोय. हवापालट व्हईल." म्हणजे शाळा संपली. दहावी संपली. मी महाडच्या डॉक्टरांचं काढलं, मनाचे डॉक्टर आहेत, मी बरोबर येते म्हटलं. "माझी पोर येडी नाय." येडी नाहीच, दुखलंय तिला, म्हटलं.
मग धीर करून चित्राचं विचारलं, घराला दार का नसेल. आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.
"लता आली व्हती सासरहून. तापानं फणफणलेली, चालत. ह्ये म्हनाले, दार उघडायचं नाय, आज घेतली तर कायमची घरी बसंल. नंदा कडीजवळ व्हती. लता भाईरनं हिलाच हाका मारीत व्हती."
चौथ्या दिवशी सासरहून निरोप आला, लता गेली.
आणि मी त्या घराला दार काढलं. उतरताना दोनदा बसले. रडले सरळ.

मंगळ. ८
पुन्हा गेले. नंदा तांदूळ पाखडत होती. शेजारी बसून सांगितलं, "तू दार विसरली नव्हतीस. चूक माझी होती." सूप थांबलं नाही. वही ठेवून आले. ते पान फाडावं की ठेवावं, तेही ठरवता येईना. तसंच ठेवलं.
आईला पुन्हा डॉक्टरांचं म्हटलं. "ह्यांना इचारते," एवढंच.

शनि. १२
सकाळची शाळा. आई नंदाला घेऊन आली, स्वतः व्हरांड्यात बसली. डॉक्टरांना वडलांनी नाही म्हटलंय. मामा बुधवारी.
कोरा कागद दिला. पेन्सिल मी हातातच घेतली नाही. ती वीसेक मिनिटं कागदाकडे बघत होती. मग आवाज आला. घोगरा, ओळखू न येणारा. आधी मला कळलंच नाही की तीच बोलतेय.
"बाई, कडीजवळ तुम्ही असता तर उघडलं असतं?"
हो अगदी ओठावर होतं. पण हो म्हटलं तर दोष तिच्या माथी. नाही म्हणावं तर ते खरं आहे का, मला माहीत नाही. पंधरा वर्षांची, घरात बाप उभा. मी काय केलं असतं? खरंच काय केलं असतं?
आईने बाहेरून हाक दिली, "चल गो, जीप जाईल."
नंदा उठली नाही. माझ्या तोंडाकडे बघत होती.
साडेचार महिन्यांनी पोरगी एक वाक्य बोलली, आणि मी म्हटलं, सोमवारी सांगते.