दादाच्या कुंडीतली बुलबुल

तीर्थरूप मामा,

डॉक्टर जेवढं वाकू देतात तेवढं वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे ते कळवा. माझं हृदय डॉक्टरांच्या मते ठणठणीत आहे. (बायकोच्या मते ते मी जपून वापरत नाही.)

दवाखान्यातून आल्यावर मी कुढत बसू नये म्हणून तुम्ही तुमचा कॅमेरा धाडलात, ते उपकार कसे फेडू? इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासली, पण जास्वंदीच्या पाकळीवर इतक्या बारीक शिरा असतात हे मला आत्ता दिसलं. पहिल्याच आठवड्यात मी मुंगीमागे स्वयंपाकघरभर रांगलो. मग बागेतल्या तळ्याकाठी एक लालभडक चतुर दिसला. तो उडू नये म्हणून मी गवतात पालथा पडून श्वास रोखून धरला. तेवढ्यात दोन सद्‌गृहस्थांनी मला उलटा केला, एकाने छाती दाबायला घेतली आणि माळ्याने घरी फोन केला. बायको रडत आली आणि मी जिवंत आहे असं कळल्यावर जी भडकली ती अजून पुरती निवलेली नाही. चतुर अर्थातच गेला. बाहेर जाणं बंद झालं.

मग न्हाणीघराच्या खिडकीतून एक बुलबुल दिसू लागली. चोचीत काड्या घेऊन ती वरच्या मजल्यावर, दादाच्या गॅलरीतल्या टांगत्या कुंडीत शिरायची. आता आमचं तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्या कुंड्यांचं गढूळ पाणी आमच्या धुतलेल्या कपड्यांवर गळायचं, त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि दोन वर्षं आम्ही जिन्यात समोरासमोर आलो तरी भिंतीचा रंग बघायचो. मी बादली पालथी घालून तिच्यावर उभा राहिलो. शेपटीचा फोटो आला. बादली घसरली. शेवटी कोपर चोळत वर गेलो. दार दादानेच उघडलं.

"तुझ्या कुंडीत बुलबुल आहे," मी म्हणालो.

"माझ्या कुंडीत काय आहे ते मला माहीत आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तीन अंडी आहेत. म्हणून पाणी घालत नाही. झाड गेलं तरी चालेल."

(हल्ली कपडे कोरडे का राहतात ते तेव्हा कळलं. मला वाटलं होतं, त्याला उपरती झाली.)

"चपला काढ," तो म्हणाला. "आणि पाय वाजवू नकोस."

त्यानंतर रोज सकाळी पडद्याआड दोन स्टुलांवर आम्ही दोघं. वहिनी चहा आणून द्यायची आणि आमच्याकडे बघून आत जायची. पिल्लं बाहेर आली त्या दिवशी, डोळे मिटलेलेच, पण तोंडं आपल्या अंगाएवढी उघडून बसली होती. कॅमेरा हलायला लागला. दादाने एका हाताने कॅमेरा सावरला आणि दुसऱ्याने माझं कोपर खालून धरलं. फोटो निघाला तरी त्याने सोडलं नाही, मीही सोडवून घेतलं नाही. मामा, दवाखान्यातून मी जिवंत परत आलो याचा आनंद मला खरा त्या सकाळी झाला. तो तुमच्यामुळे.

तुमचा,
धाकटा भाचा

ता. क. तो फोटो सोबत आहे. गुलाबी दिसतोय तो पिल्लाचा घसा. कडेचा मोठा गुलाबी भाग दादाचा अंगठा आहे.

ता. क. २. पिल्लं उडून गेली, पण कॅमेरा खाली आलेला नाही. दादा सध्या फुलपाखरांवर आहे. मागितला की "उजेड चांगला आहे, आत्ता नको" म्हणतो. नुकतंच बोलणं सुरू झालंय, तेव्हा ताणवत नाही. तुमच्याकडे दुसरा एखादा जुना कॅमेरा असेल तर पाठवाल का? पार्सलवर 'तळमजला' असं ठळक लिहा.

ता. क. ३. हे पत्र पेटीत टाकायला दादाच निघाला आहे, म्हणून पाकिटाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आहे. गैरसमज नसावा.